केसपेपरवरचं ‘नाही’

चार वर्षांची ती मुलगी 2024 च्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा आमच्या वॉर्डात दाखल झाली, तेव्हा तिच्या आईने घरून एक गोधडी आणली होती. तिच्याशिवाय पोर झोपत नाही म्हणून. मुलीशी बोलायला मी खाटेवर वाकले आणि गोधडीचा वास नाकात शिरला. विडीचा. कापडात महिनोन्‌महिने मुरलेला, पावसाने ओलसर झालेला.

टेबलाशी येऊन केसपेपर उघडला. ‘घरात धूम्रपान : नाही’ असं लिहिलेलं होतं आणि अक्षर माझंच होतं.

मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका आहे. औषधं डॉक्टर बघतात. औषध घरात परवडतं का, कोण देतं, कोण अडवतं, हे आम्ही बघतो. ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाची नावं गाळली आहेत, काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. आबा, आजी, मुलगा, सून आणि नात एवढ्या नात्यांवर काम भागेल.

प्रश्न कसा विचारला

पहिल्या खेपेला मी विचारलं होतं, “बाबा सिगारेट ओढतात का?” सुनेने नकारार्थी मान हलवली. खोटं काहीच नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, रात्रपाळीला एका गोदामात असतो. दुसऱ्या खेपेला शिकाऊ डॉक्टरने मागचं पान बघून ‘नाही’ उतरवून घेतलं. विडीला आपल्याकडे कुणी सिगारेट म्हणत नाही आणि आजोबा म्हणजे बाबा नव्हेत. शिवाय मी विचारलं तेव्हा खाटेच्या पलीकडे सासू उभी होती. सासूच्या देखत सासऱ्यांचं व्यसन सरकारी कागदावर चढवणारी सून मी तरी अजून पाहिलेली नाही.

माझ्या चुकीला सोबतीही बरेच सापडतील. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, पण ओढणारे जेमतेम 3.8 टक्के. बाकी सगळा कारभार तोंडातला, मळलेला तंबाखू, मिश्री, गुटखा. त्यामुळे तंबाखू म्हटलं की इथला डॉक्टर आधी ‘आ’ करायला सांगतो आणि धुराचं विचारायचं राहून जातं. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या 38.7 टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर अंगावर येतो असं सांगितलं होतं. ते 15 वर्षांवरच्या लोकांचं सर्वेक्षण. आमच्या वॉर्डातली मंडळी त्यात बसत नाहीत.

आजाराचं थोडक्यात सांगते. सर्दी झाली की दोन दिवसांत छातीत शिट्टी वाजायला लागे, रात्री पोट उडे, मग धावपळ करून दवाखाना. वाफ दिली की चार तासांत पोर खेळायला लागे. डॉक्टरबाईंनी बाळदम्याचं निदान केलं होतं, रोज दोन वेळा स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायचा पंप लिहून दिला होता. तो घरी वापरलाच जात नव्हता. “पंपाची सवय लागते,” हे आजीचं मत, आणि त्या घरात आजीच्या मतावर अपील नसे.

खोली

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी, म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळी, ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना खोलीचं वर्णन करायला नको. 1920 च्या दशकातली बांधणी, तळमजला आणि वर तीन मजले, मधून जाणारा सामाईक व्हरांडा, टोकाला सामाईक संडास, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला 160 चौरस फूट. मुलीचं घर अशाच एका चाळीत. कोपऱ्यात मोरी, तिला लागून ओटा, आणि अर्ध्या खोलीवर काढलेला पोटमाळा. खाली आबा-आजी. वर सून आणि नात, आणि सकाळी पाळीवरून आला की मुलगा.

आबा खालच्या कॉटवर, खिडकीला पाठ लावून बसतात. दिवसाला एक बंडल. मी गेले तेव्हाही हातात विडी होती. धूर सरळ वर गेला, पोटमाळ्याच्या फळीखाली पसरला, कडेवरून वळला आणि वर जाऊन थांबला. नात तिथेच झोपायची. सगळ्या घरात हवा कोंडलेली सगळ्यात वाईट जागा कुठली, तर ती.

परत येताना बसमध्ये मी केसपेपरच्या मागे पेन्सिलीने हिशोब मांडला. उंची 10 फूट धरली तर खोलीत 1600 घनफूट हवा, म्हणजे साधारण 45 घनमीटर. एका सिगारेटच्या धुरातून 10 मिलिग्रॅमच्या आसपास सूक्ष्म कण सुटतात. ते सगळे खोलीतच राहिले, तर घनमीटरमागे 220 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरवलेली पातळी 15 आहे, आपल्या देशाची मर्यादा 60. खिडकी उघडी असेल तर आकडा झरझर खाली येतो हे खरं. पण जुलैच्या पावसात तिसऱ्या मजल्यावरची वाऱ्याकडची खिडकी कोण उघडी ठेवतं?

विडीचं गणित सिगारेटहून जरा वेगळं. तंबाखू कितीतरी कमी, पण टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही, त्यामुळे न ओढता ठेवली की विझते. सिगारेट रक्षापात्रात एकटी जळत राहते, विडीला सतत दम मारावा लागतो आणि पुन्हा पुन्हा काडी लावावी लागते. आबांच्या कॉटखाली काडेपेट्यांचा ढीग होता. ‘विडीत काय असतंय, पानच तर आहे’ असं म्हणणारे खूप भेटतात. टार आणि निकोटिन दोन्ही विडीच्या धुरात भरपूर असतात.

खोलीत धूर करणाऱ्या आणखी तीन गोष्टी सापडल्या. आजी आठवड्याला तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजून घरीच मिश्री करायची. त्या वेळी शेजारीण दार लावून घेते, एवढा ठसका. संध्याकाळी देवापुढे धूप. आणि रात्री डासांची कॉइल. मी वहीत चारही लिहिलं, पण खरं सांगायचं तर नजर विडीवरच होती. कॉइलचं पुढे येईल.

जाता जाता एक. मूल जन्मल्यावर दोन महिने रोज ओवा आणि लसणीच्या सालांची धुरी दिली होती, हे आजीने कौतुकाने सांगितलं. सून त्या वेळी मोरीत भांडी घासत होती. तिने वर पाहिलं नाही.

कोण कुणाला सांगणार

सुनेशी एकटीने बोलायला मिळालं ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर. “आबांना मी काय सांगणार, मॅडम? मी त्यांच्यासमोर बसतसुद्धा नाही.” लग्नाला सहा वर्षं झाली. सासऱ्यांशी ती थेट बोलत नव्हती, काही हवं-नको असेल तर नातीकरवी. “आबांना विचार, चहा घेणार का.” तिच्यासाठी हा अपमान नव्हता, रीत होती. नवऱ्याला सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, “त्यांच्याच खोलीत राहतो आपण.”

तेही खरंच. भाडेपावती आबांच्या नावावर. पुनर्विकासात मिळणारं 500 चौरस फुटांचं घरही त्यांच्याच नावावर येणार. आजीने तोंड उघडलं तर “तुझी मिश्री आधी सोड” हे उत्तर तयार असे, म्हणून तीही गप्प. एका खोलीत चार मोठी माणसं, चौघांनाही पोरीची काळजी, आणि बोलायची सोय एकालाही नाही.

कायदा इथे कामाचा नाही. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे, 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, 200 रुपयांपर्यंत दंड आहे. हे सगळं घराच्या उंबऱ्याशी थांबतं. थांबावं हेच बरं, असं मला वाटतं. त्या खोलीत शिपाई पाठवून काय मिळालं असतं याची कल्पना करवत नाही.

मी केलेली घाण

पहिल्या भेटीतच मी आबांना पत्रक दाखवलं. एका बाजूला गुलाबी फुप्फुस, दुसऱ्या बाजूला काळं. आबांनी ते शांतपणे पाहिलं, उलटं करून मागे काय आहे तेही पाहिलं, आणि म्हणाले, “माझा बाप पंच्याऐंशी वर्षं जगला. मरायच्या दिवशीबी विडी वढली त्यानं.” मी मग अभ्यासातलं बोलायला लागले. फुप्फुसाची वाढ, कानाचे आजार, दम्याचे झटके. शब्द सगळे बरोबर होते. आबांनी फक्त एवढंच विचारलं, “दवाखान्यात कुणी सांगितलं तुमास्नी, मी वढतो म्हणून?”

त्या प्रश्नाची किंमत सुनेने मोजली. पुढचे दोन महिने ती तपासणीला आली नाही. मुलगा एकदा येऊन औषध घेऊन गेला, माझ्याकडे न बघता. घरची गोष्ट बाहेर नेल्याचा ठपका तिच्यावर आला होता, आणि नेणारी गोधडी होती हे सांगायला मी तिथे नव्हते. हे प्रकरण मी शिकाऊ समाजसेविकांना सांगते तेव्हा इथे जास्त वेळ थांबते. घरभेटीत खरं बोललं की काम झालं असं आम्हाला शिकवलं जातं. त्या खऱ्याचा उगम घरातले लोक शोधतात, आणि तो नेहमी सगळ्यात कमी वजनाच्या माणसापाशी जाऊन सापडतो.

चिठ्ठीची पहिली ओळ

ऑक्टोबरात मुलीला पुन्हा धाप लागली आणि या वेळी तिला घेऊन आबाच आले. सून गावी गेली होती, मुलगा कामावर. गुडघे दुखत असताना तीन मजले उतरून, टॅक्सी करून. रात्रभर ते वाफेच्या यंत्राशेजारी बसले होते, आणि त्या नऊ-दहा तासांत मी त्यांना एकदाही विडीसाठी बाहेर जाताना पाहिलं नाही.

सकाळी डॉक्टरबाईंना मी एक विनंती केली. औषधाच्या चिठ्ठीवर पंपाच्याही वर, पहिल्या क्रमांकावर लिहा: ‘मूल राहते त्या खोलीत कोणताही धूर नाही. विडी, धूप, कॉइल, मिश्री भाजणे.’ कुणाचं नाव नको. त्यांनी लिहिलं, खाली सही-शिक्का. आमच्याकडे शिक्क्याला वजन असतं. चिठ्ठी आबांच्या हातात दिली आणि पंप कसा द्यायचा तेही त्यांनाच शिकवलं. पंप हलवून स्पेसरला लावायचा, मुखवटा नाकातोंडावर घट्ट धरायचा, एक दाब, मग दहा श्वास मोजायचे. आबा मोजताना बोटं मिटत होते. चौथ्यांदा बरोबर जमलं.

सकाळी आठ आणि रात्री आठ असं सांगितल्यावर म्हणाले, “म्हंजी पाळीवानी.” तिथून गिरणीचं निघालं. साताऱ्याकडून आलेले, बदली कामगार म्हणून लागले, मग साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कायम झाले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो त्यांच्यापुरता संपलाच नाही. गिरणीने परत घेतलं नाही, पुढची वर्षं वॉचमनकीत गेली. विडी तिथलीच का, असं मी सहज विचारलं.

“खात्यात? खात्यात कुठली विडी! एक ठिणगी पडली तर समदं खातं जळंल. सायबानं त्याच दिवशी घरी बसवलं असतं. आठ तास तंबाखू दाढंला धरून काढायचो.”

मी काही बोलले नाही. गेल्या वेळच्या पत्रकाने एवढं तरी शिकवलं होतं. पण शेजारच्या खाटेवर नातवाला घेऊन बसलेले एक म्हातारे, त्यांचीही हयात गिरणीतच गेलेली, हसून म्हणाले, “आठ तास कापसासाठी काढलेत ना दादा? मग झालं की!” आबांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. मग चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. त्याच खिशात विड्यांचं बंडल होतं.

व्हरांडा, कवळी आणि कॉइल

आबांनी विडी सोडली नाही, खोलीत ओढायची सोडली. व्हरांड्याच्या टोकाला, संडासापाशी एक जाळीची खिडकी आहे, तिथे जायला लागले. दारात उभं राहून चालणार नाही हे मी सांगितलं होतं, कारण दारावरच्या झरोक्यातून धूर आत येतो. गुडघ्यामुळे प्रत्येक फेरीचा हिशोब झाला आणि बंडल आपोआप दोन दिवस पुरू लागलं. पूर्ण सोडायचा प्रयत्नही झाला. विडीच्या बंडलावर छापलेला 1800-11-2356 हा मोफत क्रमांक मुलाने लावून दिला. आबा पाच मिनिटं बोलले आणि “पोरगी चांगली व्हती बोलायला” म्हणून फोन ठेवला. निकोटिनचा च्युइंगगम आणला, तो कवळीला चिकटला.

पंप मात्र नेमाने. आठ म्हणजे आठ. आजीची हरकत आपोआप गळाली, कारण आता पंप हे आबांचं काम होतं. मिश्री भाजणं थांबलं म्हणजे ती पुडीत विकत येऊ लागली. आजीच्या तोंडाला त्याने काही फरक पडलेला नाही. माझ्या वहीत ते काम अजून उघडं आहे.

आणि तरीही डिसेंबरात मुलीचा पहाटेचा खोकला चालूच. दिवसा ठणठणीत, पहाटे चारला खोकत उठायची. मुलाने मला ऐकवलं, “आबांना उगाच हिंडवलंत.” मीही मनातून खचले होते. मग चिठ्ठीतली पहिली ओळ पुन्हा वाचली आणि सुनेला विचारलं, रात्री काय लावता? कॉइल. दार-खिडकी बंद करून, आठ तास, पोटमाळ्याच्या शिडीपाशी. धूर म्हणजे तंबाखू, असं घरातल्या सगळ्यांनीच धरलं होतं आणि त्यात मीही होते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळताना 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असं मोजलं गेलं होतं. कॉइलच्या धुरात निकोटिन नसतं, पण दम्याच्या श्वासनलिकेला त्याने काय फरक पडतो?

कॉइल गेली, मच्छरदाणी आली. पोटमाळ्यावर ती बांधायला जागाच नव्हती. आबांनी वळचणीच्या खिळ्यांना सुतळी ओढून चार कोपरे काढले. साचेखात्यातली गाठ, सुटत नाही, असं त्यांनी मला दाखवलं.

पहाटेचा खोकला जानेवारी संपेपर्यंत गेला. आता कोणत्या गोष्टीने गेला हे मला विचारू नका. पंप नियमित झाला होता, विडी बाहेर गेली होती, कॉइल बंद होती, गोधड्या उन्हात धुऊन वाळवल्या होत्या, आणि थंडीही ओसरत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची चैन प्रयोगशाळेत परवडते. त्या ऑक्टोबरपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुलगी एकदाही दाखल झाली नाही, एवढं नोंदवते.

जिच्याकडे कुणी पाहिलं नाही

या सगळ्या काळात आजी खोकत होती. पुरेसा जुना खोकला, त्यामुळे घरात तो कुणाला ऐकूच येत नव्हता. मलाही फार उशिरा ऐकू आला. आजी त्या खोलीत आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली आणि एवढी वर्षं ती आबांचा धूर घेत होती. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनी 1981 मध्ये जपानमधल्या स्वतः न ओढणाऱ्या 91,540 बायकांची 14 वर्षांची नोंद मांडली. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं. सिगारेटवाल्यांनी त्यावर भरपूर राळ उडवली, निष्कर्ष टिकला. आपल्याकडे घरातल्या धुराचं नाव काढलं की पोराचा फोटो छापतात. बायको कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

आजीला छातीच्या ओपीडीत न्यायला तीन महिने लागले. एक्स-रेमध्ये गाठ नव्हती. फुंकून घ्यायच्या तपासणीत फुप्फुसांची ताकद बरीच कमी निघाली. विडीचा धूर किती, चुलीचा किती, तव्यावरच्या मिश्रीचा किती, हे कुणी वेगळं काढू शकणार नाही. तिला पंप सुरू झाला. “सवय लागंल,” ती म्हणाली, आणि नातीने तिच्या तोंडाला स्पेसर लावून दहा मोजले.

सप्टेंबर 2025

वरळीच्या पहिल्या नव्या इमारतींमधल्या घरांच्या चाव्या ऑगस्टमध्ये लोकांना मिळाल्या, त्यामुळे सगळ्या बीडीडी चाळींत तेव्हा दुसरा विषय नव्हता. मी गेले तेव्हा पाऊस आडवा मारत होता. व्हरांड्याच्या टोकाची खिडकी गळत होती, तिथे उभं राहणं अशक्य. आबा उंबऱ्यावर उभे, एक पाय आत, एक बाहेर, विडीचा हात बाहेर धरलेला. मला बघून ते जरा ओशाळले. झरोक्यावर कुणीतरी जुन्या साडीची घडी कोंबून तो बंद केला होता.

आत आजीने चहा टाकला. नवीन घराचा कागदी नकाशा कॉटवर पसरलेला होता. आबा विडी विझवून आत आले, चष्मा लावला, नकाशावर बोट फिरवलं आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “समदं हाय. मोरी हाय, संडास आतच हाय. विडीला मानूस कुठं जायचा ते न्हाय दाखवलं.”

मुलगा हसला. सून शिडीवरून खाली उतरत होती. पदर सावरत ती शेवटच्या पायरीवर थांबली.

“खाली, आबा,” ती म्हणाली. “लिफ्ट असणार आहे.”